पळताना पाणी प्यायचं नाही

शेजारच्या घराच्या भिंतीवर दर रविवारी दुपारी शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट वाळत ठेवलेले असतात. नुकतंच पांढरं पॉलिश लावलेलं असतं, त्यामुळे नाडीची भोकं बुजलेली असतात आणि उन्हात सुकता सुकता त्या बुटांना एक ओलसर, खडूसारखा वास सुटतो. परवा गॅलरीत उभा होतो, वारा तिकडून आला आणि तो वास नाकात शिरला. मी आत येऊन खिडकी लावून घेतली. बायकोनं विचारलं, एवढ्या उकाड्यात खिडकी कशाला लावता? मी म्हटलं, धूळ येते. या वयात माणसाला अशा लहान लहान थापा सहज जमतात. एका मोठ्या थापेची सवय झाली की लहानांचं ओझं वाटत नाही.

ज्याच्या बुटांचा तो वास मला आठवला, तो जळगावच्या एका डाळमिलमध्ये फिटर होता. राहायला धरणगावला. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी तेव्हा जळगावात भूमी अभिलेख कार्यालयात कारकून होतो आणि सकाळी शिरसोलीच्या रस्त्यावर पळणाऱ्या आमच्या चार-पाच जणांच्या टोळक्यात मिसळलो होतो. पळणं ही तेव्हा शिष्टसंमत गोष्ट नव्हती. पोरं पोलीस भरतीसाठी पळत, पैलवान दम वाढवायला पळत. तिशी-चाळिशीतला नोकरदार माणूस अर्धी चड्डी घालून रस्त्यानं पळताना दिसला की सायकलवरचे दूधवाले वळून वळून बघत. एकदा एका म्हातारीनं मला थांबवून काळजीनं विचारलं होतं की घरी कुणाचं काही बरंवाईट झालंय का. अशा जगात आम्ही एकमेकांना धरून होतो. आठवडाभर जो तो आपल्या रुळावर, पण रविवारी पहाटे रस्त्याच्या कडेच्या निंबाखाली आम्ही जमायचो आणि पळण्याइतकंच, कदाचित जास्तच, पळण्याविषयी बोलायचो.

ते बोलणं म्हणजे न संपणारा वाद होता. अनवाणी पळावं की बूट घालून. श्वास नाकानं घ्यावा की तोंडानं. पोट रिकामं हवं की आधी एखादं केळ चालेल. चढावर चालणं म्हणजे हार का. आमच्यापैकी कुणीही या विषयावरचं एखादं पुस्तक वाचलेलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाचं मत अगदी ठाम होतं. शेवटचा शब्द सरांचा असे. सर एका शाळेतून निवृत्त झालेले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. सडपातळ, ताठ, गळ्यात दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच. त्यांच्याशी वाद घालायला आम्हाला आवडायचं, कारण शेवटी तेच बरोबर ठरणार याची खात्री असायची. आणि त्यांचा पहिला नियम होता, पळताना पाणी प्यायचं नाही. पाणी प्यायलं की पोटात गोळा येतो, अंग जड होतं, मन ढिलं पडतं. "घोड्याला पळता पळता कुणी पाणी पाजतं का?" असं ते विचारायचे आणि आमच्यात घोडा पाळलेला कुणीच नसल्यामुळे तो मुद्दा तिथंच संपायचा. या नियमातून सूट होती ती फक्त एका कापडव्यापारी शेठना. त्यांचं घराणं मूळचं राजस्थानचं, जैन; ते बाहेरचं पाणी पीत नसत म्हणून उकळलेल्या पाण्याची बाटली कमरेला बांधून आणत आणि वाटेत चार-चार घोट घेत. सर हसून म्हणत, "शेठचं धर्माचं आहे. तुमचं काय?" आम्हीही हसायचो. मी तर जरा जास्तच. नव्यानं बाटलेल्या माणसासारखा मी त्या नियमाचा कट्टर पाईक झालो होतो. घसा कोरडा पडून जीभ टाळूला चिकटली की मला आपण फार मोठं काही साधल्यासारखं वाटायचं.

फिटर आमच्यात सगळ्यात शेवटी आला आणि महिन्याभरात सगळ्यांच्या पुढे गेला. रविवारी सुटी असूनही तो धरणगावहून पहिल्या एस.टी.नं यायचा. पायात तेच कॅनव्हासचे बूट, दर शनिवारी संध्याकाळी पांढरे केलेले. पहिल्या किलोमीटरातच ते धुळीनं मातकट होत, तरी पुढच्या रविवारी पुन्हा दुधासारखे पांढरे. मी एकदा म्हटलं, कशाला एवढा खटाटोप करता? तर म्हणाला, "पोर लावस. तिले आवडस." त्याची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. वडिलांचे बूट पांढरे करणं हे तिचं शनिवारचं काम होतं. तो आमच्याशी अहिराणीतच बोलायचा, सरांशी तेवढं जपून शुद्ध बोलायचा प्रयत्न करायचा आणि दोन वाक्यांत पुन्हा आपल्या बोलीवर यायचा. वादात फारसा पडायचा नाही. दिवसभर मशीनच्या घरघराटात राहून त्याला बोलण्यापेक्षा ऐकण्याचीच सवय असावी. त्याची एकच इच्छा होती, स्वतःच्या दारातून निघायचं आणि थेट जळगावच्या नाक्यापर्यंत न थांबता पळत यायचं. तीस किलोमीटर. ज्या रस्त्यानं वर्षानुवर्षं बसच्या दांड्याला लोंबकळत आलो, तो एकदा आपल्या पायांनी संपवायचा, असं त्याला वाटे.

त्या वर्षी एक मे रोजी धुळ्याला लांब पल्ल्याची शर्यत व्हायची होती. सरांनी ठरवलं की एप्रिलच्या मध्यावर फिटरनं त्याची ती इच्छा पुरी करावी, तीच शर्यतीची तालीम. शेठही बरोबर पळणार होते, जमेल तिथपर्यंत. माझा पाय मुरगळलेला असल्यामुळे मी सायकल घेऊन मागं राहायचं ठरलं. सायकलच्या दांड्याला मी कॅनव्हासची पाण्याची पिशवी टांगली होती. तिला आमच्याकडे छागल म्हणत. वाऱ्यावर पाझरून आतलं पाणी माठासारखं गार राहायचं. ते पाणी शेवटी द्यायचं, नाक्यावर पोहोचल्यावर. सरांनी मला दोनदा बजावलं होतं.

निघायचं साडेपाचला होतं. पण सर आणि शेठ जळगावहून ज्या बसनं येणार होते ती वाटेत बंद पडली आणि ते पोहोचले तेव्हा सात वाजून गेले होते. मी आदल्या दिवशीच येऊन फिटरकडे मुक्काम केला होता. दारात त्याची बायको आणि मुलगी उभ्या होत्या. बायको म्हणाली, ऊन चढलंय, आज राहू द्या. तो सरांकडे बघत राहिला. सर म्हणाले, "शर्यतीच्या दिवशी काय ऊन नसणार आहे? सवय व्हायलाच हवी." मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर पटणं न पटणं असं काही नव्हतंच. सर बोलले होते. त्यांनी स्टॉपवॉच दाबलं, आम्हाला निघालेलं पाहिलं आणि ते उलट्या बसनं जळगावच्या नाक्याकडे गेले.

पहिला तासभर तो फार सुंदर पळला. त्याचं पळणं मी इतकं नीट आधी कधी पाहिलं नव्हतं, कारण एरवी तो पुढे असायचा आणि मी माझ्याच श्वासाशी झगडत असायचो. खांदे सैल, टाचा हलक्या, डांबरावर बुटांचा एकसारखा पट्-पट् आवाज. दोन्ही बाजूंना कापूस निघून गेलेली काळी, भेगाळलेली रानं. पाळधीला पोहोचलो तेव्हा शेठ थकले आणि एका चहाच्या टपरीच्या बाकावर बसले. त्यांनी आपली बाटली फिटरपुढे धरली. फिटरनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान हलवून नको म्हटलं, तो थांबलासुद्धा नाही. शेठ मला हलकेच म्हणाले, "भाऊ, पुढे त्याला पाणी पाजा. सरांचं सरांपाशी." मी पायडल मारलं. मनात म्हटलं, शेठला काय कळतंय.

पाळधीच्या पुढे सुरतेकडून नागपूरकडे जाणारा मोठा रस्ता. केळीचे ट्रक अंगाला चाटून जायचे आणि त्यांच्या मागून भट्टीतल्यासारखी गरम हवा अंगावर यायची. साडेनऊ होत आले होते. गिरणेचा पूल दिसायला लागला, तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाऊ, पानी दे ना थोडं." मी म्हटलं, "पूल ओलांडू द्या, मग बघू." पुलाखाली नदीत वाळूच वाळू होती. कुठंतरी मध्यात पाण्याचा एक बारीक पट्टा चमकत होता. पूल ओलांडल्यावर त्यानं पुन्हा मागितलं. या वेळी माझ्याकडे बघून, जरा हसून. "घोटभर दे. सर कोठे देखी राहिनात?"

त्या हसण्याचं मी काय करू? तो याचना करत नव्हता. दोन मित्रांनी मिळून मास्तरांची नजर चुकवावी अशी ती साधी, खट्याळ सूचना होती. मी म्हटलं, "आठच किलोमीटर राहिलेत. आत्ता प्यायलात तर सगळं वाया जाईल." छागल दांड्याला हलत होती. तिच्यातून थेंब टपकून डांबरावर पडत आणि पडल्या पडल्या नाहीसे होत. त्यानं ते थेंब बघितले. मग पुन्हा मागितलं नाही.

त्यानंतरच्या दोन किलोमीटरांत जे जे झालं ते मी पाहत होतो आणि मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. त्याचा बनियन सुकला. मला वाटलं, वाऱ्यानं सुकला, बरं झालं. चेहरा लाल झाला होता, तो करडा पडला. पावलं रस्त्याच्या कडेला जायला लागली, मी आवाज दिला की परत सरळ येत. मग तो काहीतरी बोलायला लागला. मी सायकल जवळ नेली तर तो मुलीशी बोलत होता, बूट अजून ओले आहेत, आत नेऊन ठेव, असं काहीसं. दहा-बारा पावलं आणखी टाकली आणि बाभळीच्या एका झुडपाजवळ, कुणी हात धरून बसवावं तसा तो खाली बसला आणि आडवा झाला. अंगाला हात लावला तर चटका बसला. छागलेचं सगळं पाणी मी त्याच्या तोंडावर, छातीवर ओतलं. तोंडात घातलेलं ओठांच्या कडेनं बाहेर आलं. एका ट्रकवाल्यानं गाडी थांबवली. केळीच्या घडांवर त्याला निजवून आम्ही जळगावच्या दवाखान्यात नेलं. वाटेत नाका लागला. स्टॉपवॉच हातात धरून सर उन्हात उभे होते. ट्रक त्यांच्यासमोरून निघून गेला, त्यांना काही कळलं नाही.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. शुद्धीवर आलाच नाही. डॉक्टर म्हणाले, उष्णता डोक्यात गेली, मूत्रपिंडं बंद पडली. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीच्या संध्याकाळचं. त्याची बायको दिराबरोबर धरणगावहून आली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी आणि सर भिंतीला टेकून उभे होतो. ती रडत नव्हती. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, "त्यास्नी पानी मांगेल व्हतं का, भाऊ?"

सर माझ्या शेजारी होते. त्यांच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता. मी म्हटलं, "नाही." आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माझ्या तोंडून पुढचंही आलं. "मीच विचारलं पाणी हवं का म्हणून. तर म्हणाले, नको, नियम मोडायचा नाही." शेठ तिथंच होते. तेही म्हणाले, "हो, पाळधीला मी बाटली धरली तरी नको म्हणाले." शेठ खरं बोलत होते. त्यांच्या खऱ्याच्या आधारानं माझं खोटं उभं राहिलं. तिनं मान हलवली आणि ती आत गेली.

त्या संध्याकाळी घरी जाताना सरांनी एकदाच विचारलं, "खरंच मागितलं नाही?" मी म्हटलं, "मागितलं. दोनदा." ते म्हणाले, "आता जाऊ द्या." आम्ही पुन्हा त्या विषयावर कधीच बोललो नाही. पुढचे काही रविवार माणसं निंबाखाली जमत राहिली, आणि वाद चालूच राहिला. त्याचं हृदय आधीपासून कमजोर असणार, मिलमधली धूळ फुप्फुसात गेली असणार, रात्री जागरण झालं असणार. मीही त्यात बोलायचो. पाणी सोडून सगळ्याला दोष देऊन झाला. एका रविवारी शेठ म्हणाले, "आपण वाद घालत नव्हतो, भाऊ. आपण नुसतं बोलत होतो." त्यानंतर ते आले नाहीत. पावसाळ्यापर्यंत बाकीचे पांगले. मी माझे बूट कुणालातरी देऊन टाकले.

सात वर्षांनी माझी बदली धुळ्याला झाली. तिथं एका सकाळी कचेरीच्या खिडकीशी एक बाई उभी राहिली. वडिलांच्या जागेच्या उताऱ्यावर वारसांची नावं लावायची होती. मी कागद घेतले, नाव वाचलं आणि मान वर करायचा मला धीर होईना. तीच म्हणाली, "तुम्ही ते सायकलवाला भाऊ शेतस ना?" नवरा गेल्यावर ती माहेरी, धुळ्याला आली होती. देवपुरात एका खोलीत राहून शिवणकाम करत होती. मी तिला बाकावर बसवलं, तिचं काम हातोहात केलं. माझ्याविषयी तिच्या मनात माया होती. शेवटच्या रस्त्यावर नवऱ्याबरोबर असलेला माणूस म्हणून. मुलीचं विचारलं तर म्हणाली, "पोर पयस. शाळावाला म्हनतस, जिल्हामा पहिली यी. मी बंद करं. बाप हट्टमा गया. तो हट्ट माले घरमा नको."

मुलगी पळते, शाळा म्हणते जिल्ह्यात पहिली येईल, आणि आईनं ते बंद केलंय. बापाच्या हट्टापायी. जो हट्ट त्यानं केलाच नव्हता.

पुढचे आठ दिवस मी कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही. तोवर मी समजत होतो की माझ्या खोट्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. माणूस गेलेला होता, खरं सांगून तो परत येणार नव्हता. उलट एक मानी मृत्यू मी त्याला बहाल केला, असंही कधी कधी मनाला समजावायचो. आता कळत होतं की माझा गुन्हा मी त्याच्या नावावर चढवला होता, आणि सात वर्षं त्याचं माणूस त्यालाच जाब विचारत बसलं होतं. रविवारी मी देवपुरात गेलो. ती मशीनवर परकर शिवत होती. बसा म्हणाली. मी उभ्यानंच सांगितलं. त्यांनी पाणी मागितलं होतं. मी दिलं नाही.

मशीनचं चाक तिनं हातानं थांबवलं.

"कितला येळ मांगं?"

"दोनदा."

"तुमनाजोडे व्हतं पानी?"

"होतं."

तिनं कापड सुईखालून सोडवलं, घडी केली, मांडीवर ठेवलं. खाली बघत बोलली, अगदी हळू. "दर आखाजीले त्यासना नावनी घागर भरस. अन् दरसाल मनमा म्हनस, जित्ता व्हतात तवय पेवानं नही, आते पी ल्या."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात घरोघर गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. ती दरवर्षी भरत होती आणि दरवर्षी मनातल्या मनात त्याला टोमणा मारत होती, की जिवंत होतात तेव्हा प्यायला नाहीत, आता प्या.   तिला राग माझा आला असेलच, पण त्या घटकेला तिला माझी आठवणच नसावी. ती त्याच्याशी बोलत असावी. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "पोरले तुम्हीच सांगा. माले जमाव नही."

मुलगी आतल्या बाजूला अभ्यास करत होती. आईनं हाक मारली तशी बाहेर आली. चौदा वर्षांची, बापासारखेच सैल खांदे. मी तिलाही तेच सांगितलं, काही वगळलं नाही. पूल, थेंब, त्याचं हसणं, दवाखान्यातलं माझं उत्तर. शेवटी तो तिच्याशीच बोलत होता, हेही सांगितलं. ती ऐकत राहिली. मला वाटलं रडेल, ओरडेल, निदान तोंड फिरवेल. तिनं विचारलं, "पडले तेव्हा किती झालं होतं?"

"चोवीस किलोमीटर."

"किती वेळात?"

मी सांगितलं. तिनं मनाशी काहीतरी हिशेब केला. मग म्हणाली, "म्हणजे शेवटी हळू झाले. नाहीतर खूप चांगलं पळत होते."

"फार चांगलं पळत होते," मी म्हटलं.

मी निघालो. आई दारापर्यंत आली. "आते परत येऊ नका, भाऊ," म्हणाली. आवाजात कडवटपणा नव्हता, हे मला फार वर्षं पुरलं आणि फार वर्षं छळतही राहिलं. मी गेलो नाही. धुळ्यात आणखी दोन वर्षं होतो. देवपुराकडे जायची वेळ आली की दुसऱ्या रस्त्यानं जायचो. शाळांच्या स्पर्धांचे निकाल वर्तमानपत्रात येत, ते पान मी न वाचता उलटायचो. ती पळाली असेल तर तिच्या यशात माझा काही वाटा आहे असं मला वाटू लागलं असतं, आणि पळाली नसेल तर आणखी एक गोष्ट माझ्या खात्यावर आली असती. दोन्ही मला नको होतं.

आता तो वाद कुणी घालत नाही. पळताना पाणी प्यावं हे लहान मुलालाही माहीत असतं. सर गेले, शेठ गेले, रस्ता चौपदरी झाला. एके काळी ज्याच्यावर आम्ही तासन् तास भांडलो, जे खरं मानून मी एका माणसाकडे पाठ फिरवली, ते नुसतंच चूक होतं, इतकं सरळ. काळ आपल्या चुका दुरुस्त करतो असं म्हणावं, तर तो फक्त मतं दुरुस्त करतो. माणसं जिथं पडली तिथंच राहतात. पण त्या दिवशी देवपुरातल्या खोलीत एक मुलगी आपल्या बापाचा वेग मोजत होती. तिला हवं होतं ते एवढंच, की तो कसा पळत होता. सात वर्षांत तिला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते शेवटपर्यंत पाहिलेला जगात मी एकटाच होतो.